प्रथिनाची चव आधीच कागदावर काढता येते का?

नवी_पिपेट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी अन्नप्रक्रियेच्या संशोधन विभागात काम करते. वनस्पतिज प्रथिनं घ्यायची, एन्झाइमने त्यांचे तुकडे करायचे आणि पाण्यात नीट विरघळणारी, पचायला हलकी पावडर बनवायची, असं एकंदर काम. विरघळायचं जमतं, पण नमुना तोंडात घेतला की कडूजहर. गंमत म्हणजे ज्या प्रथिनापासून तो बनला ते चाखलं तर फारशी चवच नसते.

साहेबांचं म्हणणं असं की दर वेळी बनवा आणि चाखा हा उद्योग कशाला? कच्च्या मालाचा अमिनो आम्लांचा अहवाल हातात आहेच, त्यावरून कोणता माल कडू होणार हे आधी सांगा. मी "बघते" म्हणून सुटका करून घेतली आहे. खरंच असं काही गणित आहे का? असेल तर कितपत भरवशाचं?

उगाच_विचारतो

पहिल्या रांगेत जागा धरली. एक अडाणी प्रश्न: प्रथिनाला मुळात चव असते का? नसेल तर तुकडे केल्यावर येते कुठून?

जिव्हाळा

अडाणी कसला, सगळं तिथूनच सुरू होतं. जिभेवरचे चवीचे ग्राही लहान रेणू पकडायला बनलेले आहेत. अख्खं प्रथिन अवाढव्य असतं, शिवाय पाण्याचा तिटकारा असलेली त्याची अमिनो आम्लं घडीच्या आत तोंड लपवून बसलेली असतात. एन्झाइमने साखळी कापली की ती उघड्यावर येतात, आणि त्यातले दोन ते वीसेक अमिनो आम्लांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, कडूच्या ग्राहींना नेमके सापडतात. माणसात कडूचे ग्राही सुमारे २५ प्रकारचे आहेत. गोडाचं काम मुख्यतः एकाच जोडग्राहीवर चालतं. कडूच्या बाबतीत निसर्गाने इतकी दारं उघडी ठेवलीत म्हटल्यावर कुठला तरी तुकडा कुठल्या तरी दारातून शिरणारच.

अपवाद आहेत आणि ते भारी आहेत. थॉमॅटिन हे २०७ अमिनो आम्लांचं अख्खं प्रथिन साखरेपेक्षा हजारो पटीने गोड लागतं. ब्राझीन फक्त ५४ अमिनो आम्लांचं, तेही गोड. दोन्ही पश्चिम आफ्रिकेतल्या फळांमधली. मोनेलिन हे तिसरं. ते तापवलं की घडी उलगडते आणि गोडी जाते, अमिनो आम्लांचा अहवाल मात्र आधी होता तोच राहतो. पिपेटताई, तुमच्या साहेबांना एवढं एकच उदाहरण सांगितलं तरी पुरे.

आकडेमोड

जिव्हाळा, एवढ्यात निकाल नका लावू! गोड प्रथिनं हा अपवादांचा कप्पा. धागाकर्तीचा प्रश्न कडूचा आहे आणि त्यासाठी गणित आहे, १९७१ पासून आहे.

ने नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेला हा क्यू-नियम. प्रत्येक अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळीला पाण्याचा किती तिटकारा आहे याचा एक आकडा असतो. इथेनॉल आणि पाणी यांच्यात ती साखळी इकडून तिकडे नेताना ऊर्जेत किती फरक पडतो, त्यावरून टॅनफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने हे आकडे काढले होते. ग्लायसिन ०, सेरिन ४०, ग्लुटामिक आम्ल ५५०, अ‍ॅलनिन आणि आर्जिनिन ७३०, लायसिन १५००, व्हॅलिन १६९०, ल्युसीन २४२०, प्रोलिन २६२०, फेनिलअ‍ॅलनिन २६५०, आयसोल्युसीन २९७०, ट्रिप्टोफॅन ३०००. एकक कॅलरी प्रति मोल. पेप्टाइडमधल्या सगळ्यांची बेरीज करायची आणि अमिनो आम्लांच्या संख्येने भागायचं. आला क्यू. १४०० च्या वर कडू, १३०० च्या खाली कडू नाही, मधल्या पट्ट्यात देव जाणे. रेणुभार सुमारे ६००० डाल्टनच्या आत असेल तरच नियम लावायचा.

करूनच दाखवतो. केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या तुकड्यांत सापडलेला एक प्रसिद्ध कडू पेप्टाइड आहे: आर्जिनिन-ग्लायसिन-प्रोलिन-प्रोलिन-फेनिलअ‍ॅलनिन-आयसोल्युसीन-व्हॅलिन. बेरीज ७३० + ० + २६२० + २६२० + २६५० + २९७० + १६९० = १३२८०. भागिले ७, म्हणजे १८९७. चौदाशेच्या खूप वर, आणि प्रत्यक्षात हा पेप्टाइड कॅफीनपेक्षाही कमी मात्रेत कडू लागतो. बसलं की नाही?

आता अख्ख्या प्रथिनाची सरासरी घ्या. केसीन १६०५, सोया १५४०, कोलॅजन १२८०. केसीन आणि सोयाचे हायड्रोलायसेट (एन्झाइमने तुकडे केलेली प्रथिनं) कडूपणासाठी बदनाम आहेत, कोलॅजनचं बिनबोभाट पिता येतं, कारण त्यात जवळजवळ एक तृतीयांश ग्लायसिन आहे आणि त्याचा आकडा शून्य. तेव्हा साहेब अगदीच हवेत बोलत नाहीयेत.

नवी_पिपेट

आकडेमोड, मनापासून धन्यवाद! लगेच माझा अहवाल घेऊन बसते. १०० ग्रॅम प्रथिनामागे किती ग्रॅम असे आकडे आहेत, तेच टाकायचे ना?

आकडेमोड

थांबा थांबा. ग्रॅमचे आकडे थेट टाकू नका. क्यू ही रेणूंच्या संख्येवर काढलेली सरासरी आहे. आधी प्रत्येक आकड्याला त्या अमिनो आम्लाच्या रेणुभाराने भागा, मग मोल टक्केवारी काढा. ग्लायसिनचा रेणुभार ७५, ट्रिप्टोफॅनचा २०४. वजनावर गणित केलंत तर हलक्या ग्लायसिनला कमी मत मिळतं, जड मंडळींना जास्त, आणि क्यू उगाच वर जातो.

वर्णपट

आणि तो अहवाल कसा तयार होतो तेही बघून घ्या. मी विश्लेषणाच्या बाजूचा माणूस, त्यामुळे जरा फाटे फोडतो.

नेहमीची पद्धत अशी: नमुना ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना सुमारे २४ तास ठेवायचा. साखळीचा पार चुरा होतो, मग एकेक अमिनो आम्ल वेगळं करून मोजायचं. या भट्टीत ट्रिप्टोफॅन जवळजवळ नष्ट होतं, म्हणजे तुमच्या कोष्टकातलं ३००० वालं गिऱ्हाईक गैरहजर. ते हवं असेल तर अल्कलीने वेगळं जलविघटन करावं लागतं. ट्रिप्टोफॅन बहुतेक प्रथिनांत थोडंच असतं, तेव्हा हा तोटा एक वेळ सोसेल.

मोठी खोट दुसरीकडे आहे. ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल होतं, अ‍ॅस्पराजिनचं अ‍ॅस्पार्टिक. अहवालात दिसणारं ग्लुटामिक आम्ल ही दोघांची मिसळलेली रक्कम असते. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ही रक्कम साधारण एक तृतीयांशाच्या घरात जाते आणि त्यातलं बहुतेक खरं तर ग्लुटामिन. ग्लुटामिनचा आकडा शून्याच्या आसपास, ग्लुटामिक आम्लाचा ५५०. सगळ्यांना ५५० लावले की क्यू दीड-दोनशेने फुगतो. तेराशे-चौदाशेच्या पट्ट्याची रुंदीच शंभर आहे हे लक्षात घ्या!

उमामीच्या, म्हणजे रुचकर मांसल चवीच्या, बाजूने तर याहून मोठी फसगत होते. इकेदाने १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळापासून जी चव वेगळी केली ती मोकळ्या ग्लुटामेटची. साखळीत बांधलेल्या ग्लुटामिक आम्लाला ती चव नाही. "आमच्या प्रथिनात ग्लुटामिक भरपूर, म्हणजे चव रुचकर येणार" असं लिहिलेली माहितीपत्रकं मी वाचली आहेत. चवीसाठी मोकळी अमिनो आम्लं वेगळी मोजावी लागतात, आणि ती चाचणी बहुतेक जण मागवतच नाहीत.

उगाच_विचारतो

वर्णपट, मग तुमच्याकडच्या मोठ्या यंत्रावर टाकायचा ना नमुना. वस्तुमान वर्णपटमापी वगैरे. त्यात तर एकेक पेप्टाइड ओळखता येतो म्हणतात.

वर्णपट

येतो, आणि क्यूच्या पुढे जायचं तर तेच करावं लागतं. क्यू फक्त घटक मोजतो, क्रम बघत नाही. तीच अमिनो आम्लं उलटसुलट लावलीत तरी क्यू तोच, कडूपणा मात्र बदलतो. किम आणि ली-चान यांनी २००६ मध्ये कडू पेप्टाइडांची रचना आणि त्यांचा कडूपणा यांचा मेळ सांख्यिकी पद्धतीने घातला. त्यातून दिसलं ते असं: साखळीच्या शेपटीला (शेवटच्या टोकाला) जाडजूड जलद्वेषी, म्हणजे पाण्याचा तिटकारा असलेलं, अमिनो आम्ल आणि डोक्याला (पहिल्या टोकाला) आर्जिनिनसारखं जाडजूड अल्कधर्मी असेल तर कडूपणा वाढतो. आकडेमोड यांनी वर दिलेलं उदाहरण बघा, डोक्याला आर्जिनिन, शेपटीला आयसोल्युसीन-व्हॅलिन.

पण यंत्राच्या मर्यादा मीच सांगतो, नाहीतर तुम्ही साहेबांना सांगाल आणि ते नवीन यंत्राचं कोटेशन मागवतील.

एक, ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं. नेहमीच्या पद्धतीत यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. टॅनफर्डच्या कोष्टकात मात्र दोघांत ५५० चा फरक आहे.

दोन, आरशातली प्रतिमा. एल-ट्रिप्टोफॅन कडू, डी-ट्रिप्टोफॅन गोड. फेनिलअ‍ॅलनिन आणि ल्युसीनचंही तसंच. वस्तुमान तेच, क्यू तोच, चव विरुद्ध. आरशातली रूपं वेगळी करणारा खास कायरल स्तंभ लावल्याशिवाय हे दिसत नाही. अन्नातल्या प्रथिनांत बहुतांश एल-रूपच असतं, म्हणून रोजच्या कामात अडत नाही. पण रासायनिक सूत्रावरून चव निघते असं कुणी म्हटलं की मी हे पुढे करतो.

तीन, अ‍ॅस्पार्टेम. १९६५ मध्ये प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागलेला हा गोड पदार्थ म्हणजे दोन अमिनो आम्लांचा पेप्टाइड, अ‍ॅस्पार्टिक आणि फेनिलअ‍ॅलनिन, टोकाला एक मिथाइल गट. क्यू काढा: ५४० अधिक २६५०, भागिले २, आले १५९५. म्हणजे कडू. प्रत्यक्षात साखरेच्या सुमारे २०० पट गोड! तो मिथाइल गट काढला की गोडी गायब.

आकडेमोड

अ‍ॅस्पार्टेमवर क्यू लावणं हा नियमावर अन्याय आहे हो. मिथाइल एस्टर म्हणजे अन्नातला पेप्टाइड नव्हे.

तुमच्याच बाजूचा याहून चांगला दाखला देतो. ग्लायसिन-ल्युसीन. क्यू १२१०, म्हणजे कडू नसायला हवा. चाखणाऱ्यांनी तो कडू म्हणून नोंदवला आहे. दोन-तीन अमिनो आम्लांच्या छोट्या पेप्टाइडांत सरासरी हा प्रकारच लंगडा पडतो, एका ग्लायसिनने शेजाऱ्याचा दोष झाकला जातो. मला क्यूची बाजू घ्यायची आहे, पण त्याच्या कुवतीइतकीच. मालांची आपसात क्रमवारी लावायला तो चालतो. एकेका पेप्टाइडचा निवाडा त्याच्याकडून मागू नये.

यंत्रबुद्धी

अजून कुणी मशीन लर्निंगचं नाव कसं काढलं नाही? पेप्टाइडचा क्रम टाका, कडू की नाही ते सांगणारी प्रारूपं २०२० पासून बरीच आली आहेत. आयबिटर-एससीएम, मग बर्ट-फॉर-बिटर, त्यानंतर आणखी. अचूकता क्यूपेक्षा कितीतरी चांगली छापून येते.

वर्णपट

ती प्रारूपं कशावर शिकली ते बघितलंत का? सर्रास वापरला जाणारा विदासंच ६४० पेप्टाइडांचा. ३२० कडू, हे प्रयोगातून सिद्ध झालेले. उरलेले ३२० "कडू नसलेले" बहुतेक चाखलेलेच नाहीत! "हा पेप्टाइड कडू नाही" असं मुद्दाम चाखून छापणारे फार थोडे, म्हणून ते साठ्यातून यादृच्छिक पद्धतीने उचलले. त्यातले काही खरोखर कडू असतील तर प्रारूपाला कोण सांगणार?

यंत्रबुद्धी

मान्य, नकारार्थी नमुने हा सगळ्यांचाच दुखरा भाग आहे. तरी चाळणी म्हणून उपयोग आहे. हजार पेप्टाइडांतून पन्नास संशयित निवडून दिले तरी चाखणाऱ्यांचे कष्ट वाचतात. दुसरी एक उणीव मीच सांगतो: बहुतेक प्रारूपं हो किंवा नाही एवढंच सांगतात. किती मात्रेला कडू, हे नाही. आणि खाणाऱ्याला मात्रेशीच मतलब असतो.

जिव्हाळा

मात्रेवरून आठवलं, आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरून बसलो आहोत. पिपेटताईंचा नमुना पेप्टाइडांमुळेच कडू आहे हे कुणी ठरवलं?

वनस्पतिज प्रथिनांत हे हमखास घडतं. वाटाण्याचं प्रथिन घ्या. ते वेगळं काढताना थोडी चरबी सोबत येते, लायपॉक्सिजनेज एन्झाइम तिचं ऑक्सिडीकरण करतो. हेक्झानलमुळे हिरवट वास येतो, तो आपल्याला नाकाने कळतो. पण त्याच वाटेने तीन हायड्रॉक्सिल गट असलेली मेदाम्लंही तयार होतात आणि ती कडू असतात. म्युनिकजवळच्या हॉफमन यांच्या गटाने २०२० मध्ये वाटाण्याच्या प्रथिनाचे भाग पाडून, एकेक चाखून दाखवलं की तिथल्या कडूपणात या मेदजन्य रेणूंचा मोठा वाटा आहे. सॅपोनिनं आहेत ती वेगळीच. यातलं एकही अमिनो आम्लांच्या अहवालात येत नाही. क्यू कितीही जपून काढा, गुन्हेगार दुसऱ्याच गावचा!

ओळखायला सोपी युक्ती आहे. एन्झाइम न घालता, बाकी सगळं तसंच ठेवून, म्हणजे तेच तापमान, तोच पीएच, तितकाच वेळ, एक नमुना चालवा. तोही कडू लागला तर एन्झाइम बिचारा निर्दोष.

चाखणाऱ्यांच्या पॅनेलवर बसलेल्यांना आणखी एक विचारा: कडू की तुरट? नवखे लोक दोन्हीला कडूच म्हणतात. तुरटपणा ही चव नसून तोंड कोरडं, खरखरीत झाल्याचा स्पर्श आहे. आम्लधर्मी द्रावणातलं दह्याच्या निवळीचं प्रथिन असं तुरट लागतं, एकही तुकडा न पाडता. त्यावर कडूपणाचे उपाय करत बसलात तर वर्ष जाईल.

नवी_पिपेट

बाप रे. बिनएन्झाइमचा नमुना आम्ही कधी चालवलाच नाही, सोमवारी पहिलं तेच करते.

आकडेमोड, मोल टक्केवारीने गणित केलं. तीन मालांपैकी दोन चौदाशेच्या वर, एक मधल्या पट्ट्यात. आता गंमत ऐका. वर असलेल्या दोघांपैकी एक फार कडू होतो आणि दुसरा जेमतेम. एन्झाइम दोन्हीकडे एकच, अल्कलेज.

आकडेमोड

इथेच क्यूची हद्द संपते. "या मालातून किती कडूपणा निघू शकतो" एवढंच तो सांगतो. निघाला किती, हे एन्झाइमने कुठे आणि किती कापलं यावर. अल्कलेज साखळीच्या मधे कापतो आणि जलद्वेषी अमिनो आम्लांच्या पुढे कापायला त्याला आवडतं, म्हणजे ती नेमकी शेपटीला येतात. किम आणि ली-चान यांचं निरीक्षण आठवा. कडूपणा घाऊक भावात तयार करण्याचीच ही कृती झाली.

दोन्ही नमुन्यांचं जलविघटनाचं प्रमाण, म्हणजे साखळीचे किती जोड तुटले ते, मोजलंत का? ओपीए पद्धतीने अर्ध्या दिवसात होतं. साधारणपणे कापणी वाढते तसा कडूपणा आधी चढतो, मग टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवणारा एक्सोपेप्टिडेज लावला की उतरतो. कारण ल्युसीन शेपटीला चिकटलेलं असताना जितकं कडू, तितकं मोकळं झाल्यावर नाही. फ्लेवरझाइमसारखी मिश्रणं त्यासाठीच वापरतात. हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मालाला दोष देऊ नका.

वर्णपट

+१. माझ्याकडून भर: दोन्ही नमुने उलट-प्रावस्था एचपीएलसीवर (द्रावणातले घटक स्तंभातून वेगळे करणारं यंत्र) चालवा. स्तंभात जे जास्त वेळ रेंगाळतं ते जास्त जलद्वेषी. उशिरा येणारी शिखरं कुठल्या नमुन्यात मोठी आहेत ते आलेखावर बघूनच कळेल, एकाही पेप्टाइडचं नाव माहीत नसताना. माझ्या मते तुमच्या कामाला सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त सांगणारी चाचणी हीच.

उगाच_विचारतो

अवांतर: ही सगळी मंडळी कडूच्याच मागे. चांगल्या चवीचा पेप्टाइड नसतोच का?

जिव्हाळा

असतो, आणि त्याची कथा रोचक आहे. १९७८ मध्ये यामासाकी आणि माएकावा यांनी पपेन या एन्झाइमने प्रक्रिया केलेल्या गोमांसातून आठ अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड वेगळा केला, "रुचकर पेप्टाइड" म्हणून तो गाजला. पुढे इतरांनी तोच क्रम शुद्ध स्वरूपात बनवून चाखला तर काहींना ती चव सापडेना. वेगळ्या केलेल्या नमुन्यात दुसरं काही मिसळलेलं असू शकतं, कृत्रिम नमुन्यात क्षार राहू शकतात, वाद रंगला.

कोकुमीचं प्रकरण अधिक भक्कम आहे. गॅमा-ग्लुटामिल पेप्टाइडांना स्वतःची चव जवळजवळ नसते, पण इतर चवींना ती भरीवपणा देतात, चव तोंडात रेंगाळते. २०१० मध्ये जपानी गटाने ते कॅल्शियम ओळखणाऱ्या ग्राहीमार्फत घडतं असं दाखवलं. आता स्वतःला चव नसलेल्या रेणूची चव तुमचं प्रारूप कशी सांगणार, यंत्रबुद्धी?

यंत्रबुद्धी

पळालो.

नवी_पिपेट

शेवटचं विचारते. एचपीएलसीचे भाग वेगळे करून तेच पॅनेलला चाखायला दिले तर? म्हणजे गुन्हेगार शिखर थेट सापडेल.

जिव्हाळा

पद्धत अगदी बरोबर आहे, तिला चवीचं विरलन विश्लेषण म्हणतात. प्रत्येक भाग पाण्याने निम्मा-निम्मा पातळ करत जायचा आणि साध्या पाण्यापासून वेगळा ओळखू येईनासा होईपर्यंत चाखायचा. जो सगळ्यात जास्त पातळ करूनही कळतो तो पहिला संशयित.

पण एचपीएलसीतून निघालेलं द्रावण तसंच कुणाच्या तोंडात घालू नका. नेहमीच्या द्रावकात अ‍ॅसिटोनायट्राइल असतं, ते विषारी आहे. चाखायच्या कामासाठी इथेनॉल आणि पाणी असं खाद्ययोग्य द्रावक ठरवून स्तंभ वेगळा ठेवावा, पुन्हा पुन्हा गोठवून सुकवावं, आणि द्रावक उरलं नाही हे तपासून मगच पॅनेलला द्यावं. तुमच्या संस्थेची नैतिक समितीची परवानगीही आधी घ्या. पीएच सगळ्या भागांचा एकच करा, नाहीतर लोक आंबटपणाला गुण देत बसतात.

चाखणारे निवडताना तुलनेसाठी कॅफीनची द्रावणं ठेवा. पीटीसी या कडू रसायनाच्या कागदावर निवड करू नका. त्याचा कडूपणा एका विशिष्ट ग्राहीच्या जनुकावर ठरतो, ज्याला तो लागत नाही त्याला पेप्टाइड उत्तम कळू शकतात. आणि नमुन्यांमध्ये पुरेसा वेळ सोडा. पेप्टाइडचा कडूपणा जरा उशिरा जाणवतो आणि तोंडात टिकतो, घाईने पुढचा कप दिलात तर आधीच्याचे गुण त्याच्या खात्यात जमा होतात.

नवी_पिपेट

कॅफीन का, क्विनीन नको? आमच्या कपाटात क्विनीन आहे.

जिव्हाळा

क्विनीन फार रेंगाळतं, पुढचे दोन-तीन कप वाया जातात. कॅफीनच मागवा, खाद्य दर्जाचं.